कापलेलं फुटेज

रविवार, रात्री पावणेबारा

आषाढी झाली की आमचा लग्नाच्या व्हिडिओंचा धंदा बसतो तो थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. हल्ली काढीव मुहूर्त असतात म्हणा, पण त्यांवर घर चालत नाही. मे महिन्यातली तीन लग्नं अजून एडिट व्हायची आहेत. तीही आता कुणी घाईने मागत नाही, कारण नवरा-नवरी हनिमूनचे फोटो टाकण्यात गुंतलेत. त्यामुळे सध्या रात्री सर्फिंगच्या फिल्म बघायच्या, असं चाललंय. मला पोहता येत नाही. समुद्राशी संबंध म्हणजे अलिबागला घोटाभर पाण्यात उभं राहून चप्पल सांभाळणं. एका जोडप्याला काशीदला प्री-वेडिंग शूट हवं होतं, लाटांचे शॉट कसे घेतात ते बघायला म्हणून सुरुवात केली आणि अडकले.

आई शेजारी बसून बघते. पहिल्याच दिवशी म्हणाली, "चढतात काय, पडतात काय. घरी कुणी विचारत नाही का यांना?"

सगळ्यात आधी पाहिली ती ‘द एन्डलेस समर’. ब्रूस ब्राउन हा कॅलिफोर्नियाचा गडी १६ मिमीचा कॅमेरा आणि माइक हिन्सन, रॉबर्ट ऑगस्ट असे दोन सर्फर घेऊन उन्हाळ्याच्या मागे जगभर फिरला. त्याआधीच्या फिल्म तो शाळांच्या हॉलमध्ये लावायचा आणि स्वतः उभा राहून निवेदन करायचा. टेपवर गाणी, तोंडाने गोष्ट. कीर्तनकारच की! ही फिल्म मोठ्या वितरकांना नको होती. समुद्रापासून लांबचे लोक कशाला बघतील, असं त्यांचं म्हणणं. मग ब्राउनने ती समुद्रापासून लांब, अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या विचिटा गावात, भर हिवाळ्यात लावली. तिथेही गर्दी झाली. १९६६ मध्ये ती सगळीकडे पोचली. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. दक्षिण आफ्रिकेतल्या केप सेंट फ्रान्सिसची ती प्रसिद्ध लाट येईपर्यंत बराच वेळ नुसता प्रवास, चुकलेले किनारे, फालतू विनोद. लाट येते तेव्हा आपणही वाट बघून दमलेलो असतो.

मग आले १९९२. टेलर स्टील नावाच्या जेमतेम विशीतल्या मुलाने ‘मोमेंटम’ काढली. केली स्लेटर, रॉब मचाडो, शेन डोरियन हे त्याचे मित्र. स्लेटर त्याच वर्षी विसाव्या वर्षी जगज्जेता झाला, पुढे एकूण अकरा वेळा झाला. फिल्म थेट व्हीएचएसवर. निवेदन नाही, प्रवास नाही, वाट बघणं तर अजिबात नाही. पंक गाण्यावर लाटेमागून लाट, वळण, फवारा, कट. आई दहा मिनिटांत उठून भाजी निवडायला गेली. मी मात्र एडिटर म्हणून खिळले. ही तर आमची लग्नाची ट्रेलर! नऊ तासांच्या फुटेजमधून चार मिनिटं. हळद, अंतरपाट, अक्षता, वरात. सनईऐवजी गिटार, एवढंच.

पण त्यानंतर डोक्यात एक हिशोब सुरू झाला. स्पर्धेत अर्ध्या तासाची हीट, म्हणजे एक फेरी, असेल, तर सर्फर त्यातला बहुतेक वेळ फळीवर नुसता बसलेला असतो. क्षितिजाकडे बघत. त्याच्या सगळ्यात चांगल्या दोनच लाटांचे गुण धरतात. लाटेवरचा वेळ सेकंदांत मोजायचा. आणि या लोकांचं पोट गुणांवर कमी, चित्रणावर जास्त चालतं. प्रायोजक पैसे देतो ते फिल्ममध्ये, मासिकात त्याचा शिक्का दिसावा म्हणून. काही जण तर स्पर्धा सोडून फक्त फिल्मसाठी सर्फिंग करतात आणि त्यावर जगतात. म्हणजे फ्रेममध्ये कोण राहणार आणि कोण कापलं जाणार, हा पगाराचा प्रश्न आहे.

हे नीट कळलं ते काल, ‘गर्ल्स कान्ट सर्फ’ बघताना. २०२० ची ऑस्ट्रेलियन डॉक्युमेंटरी. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या व्यावसायिक सर्फर बायका आता पन्नाशीत बसून सांगतायत. आयोजक काय करायचे, तर चांगल्या लाटा पुरुषांना द्यायच्या आणि वारा फिरला, पाणी बसलं की बायकांच्या हीट सोडायच्या. मग त्याच वाईट पाण्यातलं फुटेज बघून म्हणायचं, बघा, यांना जमत नाही. मी पॉज करून दोनदा मागे नेलं. केवढी साधी युक्ती! कुणी खोटं काही दाखवलेलंच नाही.

त्यातली पॉलिन मेन्झर. सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावरची, बुटकी, ठिपक्यांच्या चेहऱ्याची, मिश्कील. लहानपणापासून संधिवात. प्रायोजकांना बिकिनीच्या जाहिरातीत शोभेल अशी पोरगी हवी होती, ही त्यात बसेना. १९९३ मध्ये ती जगज्जेती झाली, तेव्हा त्या किताबाचे पैसे मिळाले शून्य. नंतर ती शाळेची बस चालवत होती. फिल्म आल्यावर लोकांनी वर्गणी काढून तिला तिच्या हक्काचं बक्षीस दिलं. स्त्री-पुरुषांना सारखं बक्षीस जागतिक लीगने सुरू केलं ते २०१९ पासून.

आई इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "संधिवात घेऊन पाण्यात? मला जिना होत नाही." मग थोड्या वेळाने, "आणि बस चालवायला पाय लागतातच की."

आज ‘हन्ड्रेड फुट वेव्ह’ सुरू केली. पोर्तुगालचं नाझरे, मासेमारीचं गाव. किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशी दोनशेहून जास्त किलोमीटर लांबीची घळ येऊन थांबते. त्या खोल घळीतून आलेली लाट जोर न गमावता येते आणि बाजूच्या उथळावरून आलेल्या लाटेला मिळून उभी राहते. गॅरेट मॅकनमाराने २०११ मध्ये तिथे ७८ फुटांची लाट घेतली, तो विक्रम झाला. आकडे सोड. मी बघत बसले त्याच्या बायकोला, निकोलला. ती कड्यावर हातात वॉकीटॉकी घेऊन उभी. खाली गॅरेटला उचलायला थांबलेल्या जेटस्कीवाल्याला पुढच्या लाटेपलीकडचं काही दिसत नाही, म्हणून ही वरून सांगते, कुठली लाट येतेय, गॅरेट कुठे पडलाय, फेसात डोकं कुठे वर आलं. त्याची लाट सेकंदांत संपते. ही सकाळपासून वाऱ्यात उभी असते. आणि गंमत म्हणजे या मालिकेत वाट बघणंही दाखवलंय. हवामानाचे नकाशे, घरातला किरकिरा दिवस, दुखापतीनंतरची भीती. पुन्हा ‘एन्डलेस समर’सारखं, फक्त हसू कमी.

एपिसोड संपल्यावर मे महिन्यातल्या डोंबिवलीच्या लग्नाचा प्रोजेक्ट उघडला. वधूपक्षाच्या खोलीत एक बाई आहे, मोरपंखी पातळ, मांडीवर दागिन्यांची पिशवी. कॅमेरा दिवसभरात चार वेळा त्या खोलीत गेला, चारही वेळा ती तिथेच. मंगलाष्टकं बाहेर चालू असतानासुद्धा. ऑडिओत ऐकू येतात. क्लायंटने पहिल्या कटवर लिहून पाठवलं होतं, "खोलीतल्या मावशी नको, फ्रेम खराब होतेय." मी निमूट काढून टाकलं होतं.

आता परत टाकलंय. साडेसहा सेकंद, अक्षता पडतात त्याच्या जरा आधी, गाणं खाली घेऊन नुसता खोलीतला आवाज. एक्स्पोर्ट चाळीस टक्क्यांवर आलाय. आई झोपायला जाताना स्क्रीनकडे बघून म्हणाली, "ही कोण?" मला नावही माहीत नाही.