ह्यूस्टनमध्ये ऊर्जा आणि पर्यावरण कायदा शिकायचा तर

ऊर्जा, पर्यावरण आणि नैसर्गिक संसाधनांचा कायदा शिकायला अमेरिकेत यायचं म्हटलं की ह्यूस्टनचं नाव निघतंच. तेल कंपन्यांची कार्यालयं, शिप चॅनेलच्या काठावरचे शुद्धीकरण कारखाने आणि त्यांच्या बाजूने व विरोधात लढणारे वकील, सगळे एकाच शहरात. इथल्या विद्यापीठाच्या लॉ सेंटरमध्ये या विषयाचा स्वतंत्र एलएलएमच, म्हणजे कायद्याची पदव्युत्तर पदवीच, आहे. महाराष्ट्रातून एलएलबी करून येऊ पाहणाऱ्यांची गल्लत होते ती सर्टिफिकेट आणि एलएलएम यांत. दोन्ही वेगळे आहेत, आणि व्हिसा, बार परीक्षा (वकिलीच्या परवान्याची), नोकरी या तिन्ही ठिकाणी तो फरक महागात पडतो.

सर्टिफिकेट म्हणजे चार-पाच विषयांचा गट, साधारण 12 ते 15 क्रेडिटचा. काही विद्यापीठं तो पदवीच्या पोटातच देतात, काही सुटा देतात, तोही बरेचदा ऑनलाइन. पूर्ण ऑनलाइन सर्टिफिकेटवर एफ-1, म्हणजे विद्यार्थी व्हिसा मिळत नाही. वर्गात बसून शिकायचं असलं तरी पूर्णवेळच्या हिशेबात एका सत्रात एकच ऑनलाइन विषय धरतात. एका सत्रात संपणारं सुटं सर्टिफिकेट घेतलं, तर शिक्षणानंतरच्या कामाची परवानगी, म्हणजे ओपीटी, हाती लागत नाही. त्यासाठी आधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं. एलएलएमनंतरही ओपीटी 12 महिन्यांचीच. अभियंत्यांना मिळते ती पुढची 24 महिन्यांची वाढ कायद्याच्या पदवीला नाही. त्यामुळे महाराष्ट्रात वीज कंपनीच्या विधी विभागात असाल किंवा पुण्याच्या हरित न्यायाधिकरणात उभे राहत असाल, तर घरबसल्या ऑनलाइन सर्टिफिकेट अगदी योग्य. इथे येऊनच शिकायचं असेल तर एलएलएमला प्रवेश घ्या आणि सर्टिफिकेट त्यातच बसवा.

ते बसवताना क्रेडिटचं गणित कागदावर मांडा. न्यूयॉर्कच्या बार परीक्षेला परदेशी वकिलाला एलएलएमच्या आधारे बसायचं असेल तर किमान 24 क्रेडिट लागतात. त्यांतले 2 व्यावसायिक नीतिनियमांचे, 2 कायदेविषयक संशोधन-लेखनाचे, 2 अमेरिकन कायदाव्यवस्थेच्या ओळखीचे आणि 6 बार परीक्षेत येणाऱ्या विषयांचे. म्हणजे 12 तिथेच गेले. उरलेल्या 12 मध्ये तेल-वायू, वीज, पाणी, हवा सगळं कोंबायचं. सर्टिफिकेटला 15 लागत असतील तर एक विषय जास्तीचा घ्यावा लागतो, आणि फी क्रेडिटवर असेल तर त्या तीन क्रेडिटचे पैसेही वेगळे मोजावे लागतात. पहिल्या सत्रात मनाजोगते विषय घेऊन बसलेल्यांना दुसऱ्या सत्रात हे कळतं, आणि तोवर नीतिनियमांच्या वर्गातल्या जागा भरलेल्या असतात.

आता विषयाकडे. टेक्सासचा तेल-वायू कायदा आपल्याला सर्वांत परका वाटतो, कारण मुळातली मालकीच वेगळी. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 48 ने खनिजं शासनाकडे राखून ठेवली आहेत. सातबाऱ्यावर तुमचं नाव असलं तरी खालचं खनिज तुमचं नाही. इथे ते जमीनमालकाचं असतं, आणि तो वरची जमीन एकाला व खालची खनिजं दुसऱ्याला विकू शकतो. त्यात खनिजाचा हक्क वरचढ: तेल काढायला जमिनीचा जितका वापर वाजवी तितका खनिजमालकाला करता येतो, वरच्या मालकाची संमती नसली तरी. यावर थोडा लगाम 1971 च्या गेटी ऑइल विरुद्ध जोन्स खटल्याने घातला. शेतकऱ्याचं आधीपासून चालू असलेलं काम अडत असेल आणि कंपनीकडे दुसरा वाजवी मार्ग असेल, तर तिने तो घ्यावा.

खनिजमालक तेल काढायला कंपनीला देतो तो भाडेपट्टा वाचताना मुदतीच्या कलमावर थांबा. त्यात आधी ठरावीक मुदत असते, समजा तीन वर्षं, आणि पुढे ‘त्यानंतर तेल किंवा वायू निघत राहील तोवर’. टेक्सासमध्ये निघणं म्हणजे परवडेल इतकं निघणं. विहीर तोट्यात गेली की पट्टाच संपला, असं म्हणत मालक कोर्टात जातो, आणि मग किती महिन्यांचा हिशेब धरायचा, कुठला खर्च मोजायचा यावर लढाई होते. परीक्षेत हा प्रश्न हमखास असतो.

हिश्शांचे अपूर्णांक हे याच विषयातलं आणखी एक दुखणं. 1924 च्या एका खरेदीखतात विकणाऱ्याने ‘एक-अष्टमांशाचा निम्मा’ खनिजहक्क राखला होता. शाळेतल्या गणिताने तो 1/16 होतो. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये व्हॅन डाइक खटल्यात सांगितलं की त्या काळी रॉयल्टी, म्हणजे मालकाचा उत्पन्नातला वाटा, 1/8 च असायची म्हणून लोक ‘एक-अष्टमांश’ हा शब्द सगळ्या खनिजासाठीच वापरत. म्हणून राखलेला हिस्सा 1/2. एका ओळीच्या वाचनावर मालकी आठपट बदलली. जुनं खत वाचताना त्या काळचा रिवाज माहीत हवा, हे इतक्या नेमकेपणाने शिकवणारा खटला दुसरा क्वचितच सापडेल.

वीज कायद्यात टेक्सास पुन्हा एकटं. राज्याचं बरंचसं वीजजाळं, एर्कॉट, बाकीच्या देशापासून जवळपास तोडलेलं आहे. त्यामुळे केंद्रीय ऊर्जा नियामक आयोगाची दरांवरची सत्ता तिथे चालत नाही. फेब्रुवारी 2021 च्या गोठवणाऱ्या थंडीत वायूच्या विहिरी आणि वीजकेंद्रं बंद पडली, बाहेरून पुरेशी वीज आणता आली नाही आणि घाऊक दर मेगावॉट-तासाला 9,000 डॉलरच्या कमाल मर्यादेला नेऊन ठेवला गेला. आपल्याकडे 31 डिसेंबर 2013 पासून सगळा देश एकाच वीजजाळ्यात, एकाच लयीत जोडलेला आहे. दोन्ही रचनांचे फायदे-तोटे शेजारी ठेवून मांडणारा भारतीय विद्यार्थी वर्गात ऐकला जातो. आणखी एक: तेल-वायूचं नियमन करणाऱ्या राज्यसंस्थेचं नाव ‘रेलरोड कमिशन’ आहे. नाव पाहून तिची संकेतस्थळं वगळू नका. विहिरींचे परवाने तिथेच असतात.

पर्यावरणाच्या बाजूला धोका जुन्या पुस्तकांचा. सेकंडहँड केसबुक (निकालांचं पाठ्यपुस्तक) स्वस्त मिळतं, पण 28 जून 2024 ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या लोपर ब्राइट निकालाने 1984 चं शेव्हरॉन तत्त्व मोडीत काढलं. कायद्याची भाषा संदिग्ध असली तर खात्याचा अर्थ न्यायालयाने मान्य करायचा, हा चाळीस वर्षांचा पाया गेला. पर्यावरण परिणाम अहवालांच्या कायद्यातही 2023 मध्ये पानांची मर्यादा आली, सर्वसाधारणपणे 150, फार गुंतागुंतीच्या प्रकल्पाला 300, आणि दोन वर्षांची मुदत. त्याच न्यायालयाच्या मे 2025 च्या सेव्हन काउंटी निकालाने अशा अहवालांची न्यायालयीन तपासणी आणखी सैल केली. म्हणून प्रशासकीय कायदा हा विषय पहिल्याच सत्रात घ्या. तो न घेता हवा-पाण्याचे कायदे वाचणाऱ्याला निकालाचं अर्धं कारणच समजत नाही.

परीक्षेत आपली मुलं एका सवयीने मार खातात. ‘प्रस्तावना, इतिहास, व्याख्या’ अशी दोन पानं लिहायची आपली रीत. इथे तीन पानांची घटना देतात आणि तिच्यातले वाद शोधायला सांगतात. प्रश्न, नियम, त्याचा या घटनेला लागू होणारा भाग, निष्कर्ष, एवढंच. गुण तिसऱ्या पायरीला असतात, आणि विरुद्ध बाजूचं म्हणणंही तिथेच लिहायचं. कायद्याचे गोडवे गायले तर शून्य गुण.

निवडीला वाव असेल तर वीजखरेदी करारांचा विषय सोडू नका. त्याचा आपल्याशी थेट संबंध आहे: दाभोळच्या वीजप्रकल्पाचा करार याच शहरातल्या एन्रॉन या ऊर्जा कंपनीच्या उपकंपनीने डिसेंबर 1993 मध्ये आपल्या वीज मंडळाशी केला होता. वीज उचलली नाही तरी क्षमतेचं भाडं द्यायचं, दर डॉलरला बांधलेला, वर राज्याची हमी आणि तिच्यावर केंद्राची प्रतिहमी. रुपया घसरला, इंधन महागलं, मंडळाला ती वीज परवडेना. 1995 मध्ये करार रद्द, 1996 मध्ये नव्याने, 1999 मध्ये वीज सुरू, मे 2001 मध्ये बंद. त्या कराराची कलमं घेऊन प्रत्येकापुढे एकच प्रश्न लिहा: ही जोखीम कोणी घेतली आणि तिच्यावर त्याचा ताबा होता का? चलनाची जोखीम मंडळावर टाकली होती, आणि डॉलरच्या भावावर मंडळाचा काडीचाही ताबा नव्हता. आज महाराष्ट्रात सौर आणि पवन प्रकल्पांचे करार होतात, त्यांत प्रकल्पाला निर्मिती कमी करायला लावल्यास भरपाई, कायदा बदलल्यास दरवाढ आणि पैसे थकल्यास हमी ही कलमं याच प्रश्नाने तपासता येतात. सत्राच्या निबंधाला विषय हवा असेल तर यांतलं एक कलम घ्या आणि टेक्सासच्या कराराशी ओळीला ओळ लावून पाहा.