हेस्टियाची राख, व्हेस्टाचे खांब: ऑलिम्पिया, अथेन्स, रोम

चुलीच्या अग्नीची ग्रीक देवी हेस्टिया आणि तिची रोमन जोडीदार व्हेस्टा, या दोघींच्या जागा पाहायच्या तर आधी ग्रीस करा, मग रोम. रोममध्ये खांब आणि पुतळे पाहून आलेला माणूस ऑलिम्पियातल्या गुडघाभर उंचीच्या जोत्यांपाशी थांबतच नाही.

दोन्ही देश शेंगेनमध्ये असल्यामुळे भारतीय पासपोर्टवर एकच व्हिसा पुरतो. ज्या देशात मुक्काम जास्त, त्याच्याकडे अर्ज करायचा. दिवस सारखे असतील तर जिथे आधी उतरणार त्याच्याकडे.

अथेन्सच्या किफिसोस बस स्थानकावरून पिर्गोसची बस घ्या आणि तिथे ऑलिम्पियासाठी गाडी बदला. एका दिवसात जाऊन परत यायचा हट्ट धरू नका, सगळा वेळ गाडीतच जातो. गावात मुक्काम करून सकाळी फाटक उघडताच आत शिरा. हेराच्या देवळासमोर, जिथे ऑलिम्पिक ज्योत पेटवतात, तिथे लवकरच गर्दी होते. हेस्टियाची जागा तिथून जवळच, पण दुर्लक्षित: फिलिपेयन या गोल वास्तूच्या उत्तरेला, आल्टिस या पवित्र आवाराच्या वायव्य कोपऱ्यात प्रायटेनियनचा, म्हणजे हेस्टियाची चूल असलेल्या सार्वजनिक इमारतीचा, पाया दिसतो. स्पर्धा जिंकणाऱ्यांना इथेच मेजवानी मिळे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात इथे आलेला ग्रीक प्रवासी लेखक पौसानियास लिहितो की इथल्या चुलीत अहोरात्र अग्नी असे. तिची राख वर्षातून एकदा आल्फिओस नदीच्या पाण्यात कालवून झ्यूसच्या वेदीवर लिंपत. राखेचीच ती वेदी त्याच्या काळी 22 फूट उंच होती. आज तिचा मागमूस नाही, त्यामुळे शोधत फिरू नका.

अथेन्समध्ये घोटाळा ठरलेला. प्राचीन अगोरातली, म्हणजे बाजारचौकातली, थोलॉस ही गोल इमारत पाहून लोक हेस्टियाची चूल सापडली असं समजतात. थोलॉसमध्ये 50 प्रायटेनिस, म्हणजे नगरसभेचे पाळीवरचे सदस्य, जेवत, हे खरं. पण हेस्टियाची मूर्ती पौसानियासने पाहिली ती अथेन्सच्या प्रायटेनियनमध्ये, आणि ती इमारत वेगळी. बरेच अभ्यासक ती अक्रोपोलिसच्या पूर्वेला, आजच्या प्लाका वस्तीत होती असं मानतात. अक्रोपोलिसवरच्या पार्थेनॉन देवळाच्या पूर्वेकडच्या शिल्पपट्टीवरच्या बारा देवांतही ती नाही, तिथे डायोनिसस बसला आहे. हेस्टियाला स्वतंत्र देवळं फारशी नव्हतीच. गाव जिथे पाहुण्याला जेवू घालतं तिथे ती, आणि तिची व्यवस्था बघायला गावाचे अधिकारी.

रोमने हाच अग्नी राज्याच्या पहाऱ्यात ठेवला. तो सांभाळायला व्हेस्टल कुमारिका म्हणून 6 ते 10 वर्षांच्या मुली निवडल्या जात, सेवा 30 वर्षांची: 10 शिकण्याची, 10 करण्याची, 10 शिकवण्याची. अग्नी विझला तर फटके, ब्रह्मचर्याचं व्रत मोडलं तर रोमच्या कोलाइन दरवाजापाशी जिवंत पुरणं. ग्रीसमध्ये हेस्टियाच्या अग्नीभोवती असं काही नव्हतं, आणि दोघींमधला खरा फरक आम्हाला इथे दिसतो.

कोलोसियमच्या तिकिटातच फोरम हा जुना चौक आणि पॅलाटाइन टेकडी येतात, पण त्या भागात एकदाच शिरता येतं. बाहेर पडलात की परत प्रवेश नाही, म्हणून पाणी आणि खाणं आधीच उरका. फोरी इंपेरियाली रस्त्यावरच्या फाटकातून उतरलात तर व्हेस्टाचं गोल देऊळ लवकर गाठता येतं. उभा दिसतो तो तुकडा 1930 च्या सुमारास रचलेला आहे. त्यातले जुने दगड इ.स. 191 च्या आगीनंतर सम्राज्ञी जूलिया डोम्नाने केलेल्या बांधकामाचे, गुळगुळीत पांढरे भाग नवे. आत मूर्ती कुठे होती असं विचारू नका, रोमन कवी ओव्हिड स्पष्ट सांगतो की मूर्ती नव्हतीच, फक्त अग्नी.

शेजारच्या व्हेस्टल कुमारिकांच्या घराच्या अंगणात सावली नाही, जूनमध्ये टोपीशिवाय जाऊ नका. पुतळ्यांच्या ओळीत एका चौथऱ्यावरचं नाव खोडलेलं आहे, फक्त पहिलं अक्षर उरलंय. वर्ष इ.स. 364. ती ख्रिस्ती झाली म्हणून नाव पुसलं असावं, असा तर्क आहे. घराचा पूर्ण आराखडा खालून कळत नाही. त्यासाठी पॅलाटाइनवर चढून फार्नेस बागेच्या कठड्यावरून पाहा.

रोममधल्याच बोक्का देल्ला वेरिता या दगडी मुखवट्यासमोरचं गोल देऊळ मात्र यादीतून काढा. शतकानुशतकं त्याला व्हेस्टाचं म्हणत आले, पण ते हर्क्युलिसचं आहे.