तीनशे एमए ते सीटी

सोमवार, रात्री

जतहून परत यायला आठ वाजले. एका दवाखान्याचं एक्स-रे मशीन बघायला अण्णांसोबत गेले होते, त्यांच्याच हाताखाली मी दुरुस्तीचं काम करते. तक्रार नेहमीचीच होती, एक्स-रे कधी बरा येतो, कधी नुसते दाणे दिसतात. फिल्मच्या जमान्यात असं झालं की फिल्म फिकट निघायची, त्यामुळे मशीनचा बिघाड लगेच कळायचा. आता सीआर रीडर (फिल्मऐवजी वापरायची प्लेट वाचून फोटो संगणकावर आणणारं यंत्र) उजेड-अंधार परस्पर सावरून घेतो आणि उरतात ते दाणे. डॉक्टरांचं ठाम मत, 'ट्यूब गेली,' म्हणजे एक्स-रे तयार करणारी नळीच. दुसऱ्या कुणाकडून नव्या ट्यूबचं कोटेशनही मागवून झालं होतं.

मी पाना काढला, तर अण्णा म्हणाले, "कव्हर कशाला उघडतीस गं लगेच? आधी त्येला इचार." 'त्यो' म्हणजे तिथला टेक्निशियन. चहा पिता पिता तो बोलला की सकाळी पहिले पेशंट चांगले येतात, अकराच्या पुढे बिघडतं, आणि गुरुवारी मात्र दिवसभर चांगलं येतं. गुरुवारी काय असतं? शेजारची पिठाची गिरणी बंद असते.

मग मीटर लावला. गिरणी बंद असताना 228 व्होल्ट. गिरणीची मोटर सुरू झाली, 214. त्यावर मी एक्सपोजर दिलं आणि काटा 190च्या खाली जाऊन आला. (अण्णांचा मीटर काट्याचाच आहे. डिजिटल मीटर आकडा दाखवेपर्यंत एक्सपोजर संपलेलं असतं, असं त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे.) जुन्या सिंगल फेज मशीनला 80 केव्ही (हजार व्होल्ट), 100 एमए (मिलिअँपिअर) द्यायचे म्हणजे क्षणभर आठ किलोवॅट, म्हणजे पस्तीसेक अँपिअर लागणार. खांबावरून आलेली बारीक वायर तेवढं देत नाही. लाइन दहा टक्के पडली तर एक्स-रे दहाच टक्के कमी होतो असंही नाही. केव्ही घसरतो, वर ट्यूबमधली तापलेली तार, फिलामेंट, तीही थंडावते, त्यामुळे बाहेर पडणारा एक्स-रे कितीतरी जास्त घटतो. ट्यूब ठणठणीत आहे. हवीये ती ट्रान्सफॉर्मरपासून वेगळी जाड केबल आणि नीट अर्थिंग. हे डॉक्टरांच्या गळी उतरवायला मात्र दुरुस्तीपेक्षा जास्त वेळ गेला. मशीन न उघडता बिल कसलं लावता, हा त्यांचा प्रश्न.

बुधवार

आज मिरजेतल्या एका सेंटरवर कंपनीच्या इंजिनिअरसोबत सीटी स्कॅनच्या मशीनपाशी थांबायला मिळालं. पुण्याच्या नोकरीसाठी याच कंपनीत मुलाखत झाली, त्यानंतर त्यांनीच सुचवलं होतं, जॉइन होण्याआधी एकदा बघून घ्या.

गँट्रीचं, म्हणजे पेशंट ज्यातून सरकतो त्या मोठ्या कड्याचं, पुढचं कव्हर उघडलं आणि मी दोन मिनिटं नुसती बघत राहिले. ट्यूब, किरण टिपणारा डिटेक्टर, हाय व्होल्टेज जनरेटर सगळं आतल्या एका चाकावर, आणि ते चाक सेकंदाच्या आत एक फेरा मारतं. फिरत्या भागाला वीज पोचते ती स्लिप रिंग नावाच्या धातूच्या कड्यावरून, तिला घासत राहणाऱ्या कार्बनच्या ब्रशमधून. म्हणजे एवढ्या महागड्या यंत्राची एक ठरलेली देखभाल काय, तर ब्रशची झीज बघणं आणि काळी पूड व्हॅक्यूमने ओढून घेणं. मला बरं वाटलं. हे काम मला येतं.

तक्रार होती डोक्याच्या स्कॅनमध्ये बारीक गोल वर्तुळ दिसण्याची. पाण्याचा फँटम (चाचणीसाठीचं पाणी भरलेलं भांडं) टेबलावर ठेवून स्कॅन केला. सीटीच्या मोजपट्टीवर पाणी शून्य आणि हवा उणे हजार, त्यामुळे पाण्याचा फोटो एकसारखा करडा यायला हवा. आला, पण मधोमध केसाएवढी कडी घेऊन. डिटेक्टरचा एकच घटक चुकीचं वाचत असेल तर तो चाकाबरोबर फिरत फिरत वर्तुळच काढणार. इंजिनिअरने आधी हवेचं कॅलिब्रेशन पुन्हा घेतलं. कडी तशीच. मग डिटेक्टरच्या त्या मॉड्यूलची (सुट्या भागाची) जागा शोधून शेजारच्याशी अदलाबदल केली. कडीने जागा बदलली. दोष मॉड्यूलमध्येच, नवीन मागवायचं. हे अदलाबदलीचं तंत्र अण्णा एक्स-रेच्या टायमर कार्डावर करतात ते हेच. त्यांना संध्याकाळी सांगितलं तर म्हणाले, "मग काय वेगळं असतंय?"

वेगळं बरंच असतं, आणि ते अण्णांकडे मिळणार नाही. सीटीचं सर्व्हिस सॉफ्टवेअर कुलूपबंद असतं, किल्ली कंपनीकडे. बाहेरचा माणूस कितीही हुशार असला तरी एरर लॉगच्या पलीकडे जाऊ शकत नाही. मला हे पटत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मशीन आठवडाभर बंद पडतं ते बऱ्याचदा यामुळेच. पण वर चढायचं तर सध्या तरी वाट कंपनीच्या दारातूनच जाते. दुसरं म्हणजे नेटवर्क. त्या इंजिनिअरच्या मते निम्म्या तक्रारी 'इमेज पॅक्सला (फोटो साठवणाऱ्या सर्व्हरला) जात नाही' अशाच असतात. आयपी, पोर्ट, एई टायटल (नेटवर्कवरचं मशीनचं नाव). एई टायटलमध्ये एक अक्षर लहानाचं मोठं झालं तरी समोरचा सर्व्हर ओळख देत नाही. डिप्लोमाला यातलं काही नव्हतं.

डिप्लोमावरून आठवलं. सीटी बनवणारे हाउन्सफील्ड यांच्याकडेही पदवी नव्हती, लंडनच्या फॅरेडे हाउसचा डिप्लोमा होता. 1979 चं वैद्यकाचं नोबेल त्यांना कॉरमॅक यांच्यासोबत मिळालं. मुलाखतीत 'बीई का नाही केलं' असं विचारल्यावर हे सुचायला हवं होतं, पण तेव्हा मी फीचं खरं कारण सांगून मोकळी झाले.

शुक्रवार

आईचा विरोध पगाराला नाही, रेडिएशनला आहे. 'लग्न व्हायचंय, पोरंबाळं व्हायचीत.' मी तिला अंगावर किती रेडिएशन पडलं ते मोजणारा बॅज दाखवला. तो लेड एप्रनच्या आत छातीशी लावतात, दर तीन महिन्यांनी तपासायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट (रेडिएशनच्या मात्रेचं माप), आणि कुठल्याही एका वर्षात 30 च्या वर नाही. माझ्या रिपोर्टांवर आजवर त्याच्या जवळपासही काही आलेलं नाही. एक्स-रेचं बटण सोडलं की किरण संपले, मागे खोलीत काही साठून राहत नाही, हे तिला तीनदा सांगितलं. खरी भीती विजेची आहे, हे मात्र सांगितलं नाही. एचटी (हाय टेन्शन) केबल ट्यूबमधून उपसली की तिचं टोक आधी अर्थला टेकवायचं, मगच हात लावायचा. मेन बंद असला तरी केबल चार्ज धरून ठेवते. अण्णांच्या डाव्या हाताची दोन बोटं सरळ होत नाहीत. का, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

अण्णांना नोकरीचं कळलंय. चिडले नाहीत. फक्त कवठेमहांकाळच्या सी-आर्मचं (ऑपरेशनच्या वेळी वापरायच्या एक्स-रे मशीनचं) काम मी जायच्या आधी मीच पूर्ण करावं म्हणाले, कारण त्याचं वायरिंग मी वहीत काढलंय आणि माझं अक्षर त्यांना लागत नाही.

ऑफर लेटरमध्ये दोन वर्षांचा बाँड आहे. एमआरआयचं ट्रेनिंग बाँडच्या आत देणार की नंतर, हे त्यात कुठेच लिहिलेलं नाही. फोनवर म्हणाले, 'देऊ की मॅडम.' मी ईमेल केलाय, लेखी कळवा म्हणून. उत्तर आलं की सही करेन.