आधी दुसरा वाल खोल

एम.टेक.च्या दुसऱ्या वर्षाला विषय निवडताना सरांनी विचारलं, "बोर्डावरचं काही करणार की चिपच्या आतलं?" मी ऐटीत "चिपच्या आतलं" म्हणून बसले. कॉलेजकडे महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स नव्हतं. पण २०२० पासून स्कायवॉटर या चिप कारखान्याच्या १३० नॅनोमीटर प्रोसेसची डिझाइनला लागणारी माहिती गूगलच्या पुढाकाराने सगळ्यांना मोफत खुली झाली आहे. सॉफ्टवेअरही मोफत: एक्सस्कीममध्ये सर्किट काढायचं, एनजीस्पाइसवर त्याचं सिम्युलेशन चालवायचं, मॅजिकमध्ये लेआउट, म्हणजे चिपवरचा नकाशा, करायचा. लॅपटॉप चालला की रावेर तालुक्यातल्या आमच्या घरच्या ओसरीवरही हे होतं. लाइन असली तर!

काम होतं ८ बिटांच्या करंट स्टीअरिंग डॅकचं. डॅक म्हणजे डिजिटल आकड्याचा ॲनालॉग सिग्नल करणारं सर्किट. वरचे ४ बिट एकसारख्या १५ करंट सोर्समध्ये वाटलेले, खालचे ४ बायनरी, म्हणजे दर सोर्स आधीच्याच्या दुप्पट. सोर्स कधी बंद करायचा नाही. त्याचा करंट डाव्या वायरीत सोडायचा की उजव्या, एवढंच दोन एनमॉस ट्रान्झिस्टरांच्या (गेटचं व्होल्टेज वर गेलं की चालू होणाऱ्या स्विचच्या) जोडीने ठरवायचं. करंट सतत वाहता राहतो म्हणून हा प्रकार वेगवान. सोर्सच्या ट्रान्झिस्टरची जागा पेलग्रॉमच्या १९८९च्या नियमाने ठरली. सारख्या ट्रान्झिस्टरांमधला फरक, म्हणजे मिसमॅच, निम्मा हवा तर क्षेत्रफळ चौपट करा, त्यात वाद नाही. स्विच मात्र लहान ठेवायचे, म्हणजे त्यांचं गेट हलवायला चार्ज कमी लागतो. माझ्या वाट्याला खरं काम आलं ते या दोन गेटांना हलवणाऱ्या ड्रायव्हरचं.

पहिला ड्रायव्हर म्हणजे साधा लॅच (बिट धरून ठेवणारं सर्किट) आणि दोन इन्व्हर्टर (बिट उलटवणारी सर्किटं). २५० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर (सगळ्यांना एका तालात चालवणाऱ्या सिग्नलवर) चालवला आणि आउटपुटवर प्रत्येक बदलाला सुळका. जोडीखालच्या कॉमन नोडवर, म्हणजे दोन्ही स्विच आणि सोर्स जिथे मिळतात तिथे, प्रोब ठेवलं तर तो दर वेळी ३०० मिलीव्होल्टहून जास्त खाली आपटत होता. दोन आठवडे मी स्विचची रुंदी कमीजास्त करत बसले. सुळका बारीक व्हायचा, जायचा नाही.

तो आठवडा आमच्या फीडरला रात्रीच्या लाइनचा होता. शेतीपंपाला लाइन एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, हे इकडे सगळ्यांना पाठ आहे. घरात ट्रान्झियंट सिम्युलेशन चालू ठेवून मी आबांबरोबर टॉर्च घेऊन केळीत गेले. ठिबकचं पाणी एका भागातून दुसऱ्या भागात वळवायचं होतं. डोकं कॉमन नोडमध्ये अडकलेलं. मी चालू वाल बंद केला आणि दुसरा खोलायला वळले, तेवढ्यात सबमेनचा जॉइंट फट्कन सुटला आणि आम्ही दोघं ओले.

"काय करून राह्यली गं? आधी तो खोल, मंग हा बंद कर. धा वर्षांची होती तव्हा समजे तुले."

मोटर बंद करून जॉइंट बसवेपर्यंत मी गप्प होते. मोटर पाणी ढकलत असताना दोन्ही वाल क्षणभर बंद राहिले, की पाइपात दाब चढणारच. माझा करंट सोर्सही तसाच अडून बसणारा. इन्व्हर्टरचे दोन आउटपुट एकमेकांना १.८ व्होल्ट सप्लायच्या मध्यावर, ०.९ व्होल्टला, छेदत होते, आणि तिथे दोन्ही एनमॉस बंद. करंटला वाट नाही, म्हणून सोर्स कॉमन नोडचाच चार्ज ओढून त्याला खाली नेतो आणि स्वतः सॅच्युरेशनबाहेर पडतो, म्हणजे त्याचा करंट स्थिर राहत नाही. स्विच चालू झाला की नोड परत भरायला लागणारा जास्तीचा चार्ज आउटपुटमधून येतो, तो सुळका. पाइपात दाब वाढतो आणि इथे व्होल्टेज पडतं, एवढाच फरक. पुस्तकात 'क्रॉसिंग पॉइंट वर ठेवा' असं वाक्य होतं. मी त्याखाली पेन्सिलीने रेघही मारली होती!

पण वर म्हणजे किती? दोन्ही वाल पूर्ण खुले ठेवले तरी बिघडतं. करंट अर्धा-अर्धा वाटला जातो, प्रत्येक स्विचला ओव्हरड्राइव्ह (थ्रेशोल्डच्या, म्हणजे स्विच चालू व्हायला लागणाऱ्या व्होल्टेजच्या, वरचं जास्तीचं व्होल्टेज) कमी लागतो आणि कॉमन नोड वर उचलला जातो. स्क्वेअर लॉ (करंट ओव्हरड्राइव्हच्या वर्गाच्या प्रमाणात) धरून गणित केलं. नोड जागेवर राहायचा असेल तर छेद वरच्या लेव्हलपासून ओव्हरड्राइव्हच्या साधारण ०.२९ पट खाली हवा. माझा ओव्हरड्राइव्ह २०० मिलीव्होल्ट, म्हणजे छेद १.८ च्या फक्त ६० मिलीव्होल्ट खाली.

मग पॉवर. जोडी पूर्ण पलटायला ओव्हरड्राइव्हच्या सुमारे १.४ पट, म्हणजे २८० मिलीव्होल्टचा फरक पुरतो. मी गेटांना १.८ व्होल्टचा पूर्ण स्विंग देत होते, ही निव्वळ उधळपट्टी. ०.६ व्होल्ट पुरे. पॉवर व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते हे सीव्ही-स्क्वेअर सूत्र पाठ असल्यामुळे पॉवर नववा हिस्सा होईल असं मी सरांना सांगूनही टाकलं. सर हसले. "चार्ज कुठून घेतेस? १.८ मधूनच ना?" सप्लाय तोच असेल तर स्विंग फक्त एकदा गुणला जातो. नववा नाही, तिसरा हिस्सा. बढाई मारण्याआधी कागदावर मांडायला हवं होतं.

स्विंग कमी करायचा सोपा मार्ग म्हणून आउटपुट खाली ओढणारा ट्रान्झिस्टरही पीमॉसच (एनमॉसच्या उलट, गेट खाली गेलं की चालू होणारा) घेतला आणि जमिनीला, म्हणजे शून्य व्होल्टला, जोडला. तो आपल्या थ्रेशोल्डजवळ येऊन आपोआप थांबतो, वेगळी रेल (सप्लायची वायर) नको. पॉवर सुंदर आली. पण शेवटचं अंतर तो सरपटत कापतो. बिट दोन सायकल खाली राहिला तर एक लेव्हल, पाच सायकल राहिला तर वेगळी. आउटपुटला मागचं सगळं आठवायला लागलं. हे डॅक नव्हे, रुसलेली आत्या.

शेवटी लो-व्हीटी (कमी थ्रेशोल्डचा) पीमॉस १.२ व्होल्टच्या वेगळ्या रेलला जोडला. गेट शून्यावर असल्यामुळे तो शेवटपर्यंत खुला राहतो आणि लेव्हल नीट बसते. त्याला मुद्दाम बारीक ठेवला. वर ओढणारा जाड, खाली ओढणारा बारीक. म्हणून चढ झटपट, उतार सावकाश, आणि छेद आपोआप वर. त्यात एक फायदा फुकट मिळाला. दोन्ही बाजूंना पीमॉस असल्यामुळे कारखान्यात प्रोसेस थोडी इकडेतिकडे झाली तर दोघेही एकत्र मंदावतात किंवा तेज होतात, छेद फारसा हलत नाही. जुन्या इन्व्हर्टरमध्ये पीमॉस मंद आणि एनमॉस तेज निघाला, की सगळं कोसळायचं. गेटमधून आउटपुटला झिरपणारा क्लॉकचा ठसाही स्विंगबरोबर कमी झाला. कॉमन नोडची आपट २५ मिलीव्होल्टवर आली. १.२ ची रेल सांभाळणारा बफर स्वतः थोडा करंट खातो. पण तो १५ घरांत (एक सोर्स, त्याची जोडी आणि ड्रायव्हर म्हणजे एक घर) वाटला, की परवडतो.

एनजीस्पाइसचं डीफॉल्ट तापमान २७ अंश आहे. मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात बसून २७ अंशांवर सिम्युलेशन चालवणं ही चेष्टाच. माझे पहिले सगळे निकाल त्याच तापमानाचे होते, हे सरांनी विचारल्यावर कळलं. उणे ४० ते १२५ पर्यंत पुन्हा सगळं चालवलं. त्यात एकदा सहा तासांचं रन लाइन जाऊन गेलं, कारण घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी त्याच दुपारी कूलरने संपवली होती.

लेआउट काढल्यावर पुन्हा ठेच लागली. दोन गेटांना जाणाऱ्या वायरी कमीजास्त लांबीच्या होत्या, त्यामुळे एका दिशेचा छेद खाली सरकला. वायरी आरशातल्यासारख्या मांडल्या, तेव्हा जुळलं. हे एका घराचं झालं. आता १५ घरांना क्लॉक एकाच क्षणी पोचवायचा आहे, आणि कोपऱ्यातल्या घराला तो अजून उशिरा पोचतो.