पंधरा टक्क्यांची पुली लावली, पण घोडे वाढलेच नाहीत

ऑक्सफर्डशायरमधल्या आमच्या गॅरेजमध्ये मिनी कूपर एस ही काही नवलाईची गाडी नाही. काउलीचा कारखाना इथून जवळच आहे. मिनीच्या शौकिनांमध्ये 'आर-५३' म्हणून ओळखली जाणारी, सुपरचार्जरवाली (म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप असलेली) पिढी २००६ पर्यंत तिथेच बनत होती. तरीही शनिवारी सकाळी आलेली ती २००३ सालची, ९४,००० मैल चाललेली गाडी आम्हाला दीड दिवस पुरली. पट्ट्यावर चालणारा सुपरचार्जर असलेल्या कुठल्याही गाडीची ताकद वाढवताना नेमकं कुठे अडतं, हे त्या गाडीने एकामागून एक दाखवलं. म्हणून ती केस तपशिलात लिहितो आहे.

तक्रार साधी होती. दुसऱ्या एका गॅरेजने सुपरचार्जरला १५ टक्के लहान पुली लावून दिली होती. सुपरचार्जरची शीळ वाढली, पेट्रोल जास्त लागू लागलं, पण गाडी पूर्वीपेक्षा ढिली वाटत होती. मालकाला २०० ब्रेक हॉर्सपॉवरच्या आसपास जायचं होतं. ही अपेक्षा अवाजवी नव्हती. कारखान्यातून हे १६०० सीसीचं इंजिन १६३ हॉर्सपॉवर देतं आणि मिनीची ताकद वाढवणारे सुटे भाग बनवणाऱ्या जॉन कूपर वर्क्सच्या किटने ते आधी २००, नंतर २१० पर्यंत नेलं होतं.

आधी थोडं यंत्राविषयी. यातला ईटन एम-४५ सुपरचार्जर रूट्स जातीचा आहे. तो एका फेऱ्यात ४५ घन इंच, म्हणजे सुमारे ७३७ सीसी हवा पुढे ढकलतो. टर्बोसारखा तो एक्झॉस्टवर चालत नाही, क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून पट्ट्याने फिरतो. त्यामुळे बूस्ट, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब, वाढवायचा सरळ मार्ग म्हणजे त्याची पुली लहान करणं. इथे एक हिशेब बऱ्याच जणांचा चुकतो. पुलीचा व्यास १५ टक्के कमी केला तर वेग १५ नव्हे, साडेसतरा टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, कारण एकाला ०.८५ ने भागायचं असतं. १७ टक्क्यांच्या पुलीला तो वीस टक्क्यांच्या पुढे जातो. एवढ्या वेगाला या लहान सुपरचार्जरमधून हवेपेक्षा उष्णताच जास्त मिळते. म्हणून रस्त्यावरच्या गाडीला आम्ही १५ च्या पुढे जात नाही.

कुठल्याही बोल्टला हात लावण्याआधी गाडी रोलिंग रोडवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या रोलरांवर, चढवली. 'आधी' काय होतं हे माहीत नसेल तर 'नंतर'च्या आकड्याला अर्थ उरत नाही. पहिल्या पुलला, म्हणजे पूर्ण पाय दाबून घेतलेल्या मोजणीला, १५७ हॉर्सपॉवर मिळाले. पण आकड्यापेक्षा बूस्टची रेघ बोलकी होती. रूट्स सुपरचार्जरचा बूस्ट इंजिनच्या फेऱ्यांबरोबर शेवटपर्यंत चढत राहायला हवा. मूळ पुलीवर तो वरच्या टोकाला पाऊण बारच्या आसपास असतो, १५ टक्क्यांच्या पुलीवर एक बारच्या जवळ. या गाडीत तो ४८०० फेऱ्यांपर्यंत छान चढला, ०.७५ वर आडवा झाला आणि ६५०० ला ०.६ वर उतरला.

अशा रेघेची कारणं तीनच: जास्तीची हवा मागे वळवणारी बायपास झडप नीट मिटत नाही, हवा कुठेतरी गळते आहे, किंवा सुपरचार्जर हवा तेवढा फिरतच नाही. आम्ही सोप्यापासून सुरुवात केली.

बायपास झडप हलक्या पायाने चालवताना उघडी असते आणि पाय दाबला की मिटते. तिच्या अ‍ॅक्च्युएटरला हातपंपाने व्हॅक्यूम दिला. दांडा पूर्ण आत गेला, व्हॅक्यूम टिकला, सोडल्यावर दांडा झटक्यात परत आला. म्हणजे झडप ठीक. ती बिघडली की गाडी संथ वेगात मागेपुढे हिसके देते. तशी लक्षणं इथे नव्हतीही.

मग गळती. या गाडीत दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावर बसतो आणि दोन्ही बाजूंना रबरी बूट असतात. बूटांच्या पट्ट्यांचे स्क्रू काढून इंटरकूलर उचलला तेव्हा उजव्या बूटाची कड आत दुमडलेली सापडली. या गाड्यांत ही चूक नेहमीची. जागा कमी, रबर जुनं आणि कडक झालेलं, घाईत बसवलं की कड दुमडते आणि वरून पट्टी आवळल्यावर दिसतही नाही. दोन्ही बूट नवे घातले. कडेला सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवून, आरशात बघून बसवले. दुसऱ्या पुलला १६३ मिळाले. सुधारणा होती, पण बूस्ट वरच्या टोकाला अजूनही गळून पडत होता.

उरला पट्टा. उजवं पुढचं चाक आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर काढल्यावर दोन गोष्टी लगेच दिसल्या. आजूबाजूला रबराची काळी भुकटी पसरली होती, आणि पट्टा ताणून धरणारा टेन्शनर त्याच्या प्रवासाच्या शेवटाला टेकला होता. पुली लहान केली, पण पट्टा मूळ लांबीचाच ठेवला होता. १५ टक्क्यांच्या पुलीला साधारण अर्धा इंच आखूड पट्टा लागतो, नाहीतर ताण देणाऱ्या स्प्रिंगला जोर लावायला जागाच उरत नाही. टेन्शनरचा धक्के शोषणारा डँपरही मेला होता, हाताने दाबला तर सायकलच्या पंपासारखा सहज आत जात होता. नवा टेन्शनर आणि आखूड पट्टा घातला.

इथेच थांबून पैसे घेता आले असते, कारण दोष सापडला असं वाटतच होतं. पण या गाडीच्या क्रँक पुलीवर आमचा विश्वास नाही. ती एकसंध नसते: आत लोखंडी हब, भोवती रबराचा थर आणि बाहेर पट्ट्याच्या खाचांची जड रिंग. क्रँकला बसणारे पिळाचे झटके शोषण्यासाठी हे रबर असतं. वर्षांनुवर्षांच्या उष्णतेने आणि तेलाने ते सुटतं आणि बाहेरची रिंग हबवर घसरू लागते. डोळ्यांना हे सहसा दिसत नाही. म्हणून आम्ही पांढऱ्या पेंटने हब, रबर आणि रिंग यांवरून एक सरळ रेघ ओढली आणि तिसरा पुल घेतला.

पुलनंतर चाक काढून पाहिलं तर रेघ तुटली होती. हबवरचा तुकडा जागेवर होता आणि रिंगवरचा सुमारे तीन सेंटीमीटर पुढे. एका पुलमध्ये एवढं घसरणं मी क्वचितच पाहिलं आहे. पट्टा पुलीवर घसरत होता आणि पुली स्वतःवरच घसरत होती. मूळ पुलीच्या भाराला हे रबर कसंबसं टिकून होतं. सुपरचार्जर वेगाने फिरवायला क्रँककडून जास्त जोर लागतो, तो जोर या जागी येऊन निसटत होता.

ही गोष्ट फक्त ताकदीची नाही. या इंजिनात एकच पट्टा अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर आणि सुपरचार्जर फिरवतो, आणि पाण्याचा पंप सुपरचार्जरच्या दुसऱ्या टोकाला गिअरने जोडलेला असतो. रिंग पूर्ण सुटली किंवा पट्टा तुटला की चार्जिंगबरोबर कूलंटचं फिरणंही बंद होतं. बॅटरीचा दिवा लागला म्हणून 'घरापर्यंत जाऊ' असं म्हणत लोक चालवत राहतात आणि हेड गॅस्केट गमावतात. अशा वेळी इंजिन ताबडतोब बंद करायचं.

ही रबरवाली क्रँक पुली, म्हणजेच क्रँकचा डँपर, काढताना बाहेरच्या रिंगला पुलर लावायचा नसतो, ओढ हबवरच द्यायची. नवा डँपर आम्ही जास्त भाराला टिकणारा, दुरुस्त करता येणारा घातला. हलकी, रबराविना एकसंध अ‍ॅल्युमिनियमची क्रँक पुलीही बाजारात मिळते. ती आम्ही लावत नाही. चार सिलिंडरच्या क्रँकच्या पिळाच्या कंपनांना शोषणारं मग काहीच उरत नाही.

पुढचा भाग उघडलाच होता, तर मालकाला विचारून सुपरचार्जर बाहेर काढला. बंपर काढून रेडिएटरसकट गाडीचं नाक लांब बोल्टांवर काही इंच पुढे ओढलं की जागा होते. सुपरचार्जरमध्ये तेलाचे दोन वेगळे कप्पे असतात, एक पुलीच्या बाजूला आणि एक पाण्याच्या पंपाच्या बाजूला. दुसऱ्या कप्प्यातले गिअर वेग कमी करून पंप फिरवतात आणि तेल आधी तिथलंच संपतं. इथे तो कप्पा जवळजवळ कोरडा होता, तळाशी काळा, घट्ट, कुजका वास येणारा थर. दातांवर अजून झीज नव्हती, हे नशीब. सुपरचार्जरसाठीचंच तेल भरायचं, इंजिन ऑइल नाही, आणि सुपरचार्जर आडवा ठेवून भरणीच्या भोकाच्या काठापर्यंतच. जास्त भरलं की सीलमधून बाहेर येतं. खरं तर हे काम लहान पुली लावण्याच्या आधी व्हायला हवं. कोरड्या गिअरांना साडेसतरा टक्के जास्त वेगाने पळवणं म्हणजे त्यांचा दिवस जवळ आणणं.

पुलीही तपासली. ती शाफ्टवर घट्ट दाबून बसवलेली असते. काही जण हातोडीने ठोकून बसवतात, आणि तो मार थेट आतल्या बेअरिंगांवर आणि रोटरांमधल्या केसाएवढ्या फटीवर जातो. शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. अडखळ नाही, घासण्याचा आवाज नाही.

सोमवारी सकाळी परत रोलिंग रोड. आता बूस्ट शेवटपर्यंत चढला, ०.९८ बार. आणि लगेच पुढची अडचण समोर आली. ६६०० फेऱ्यांना पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ९७ टक्के वेळ उघडे होते, आणि हवा-इंधनाचं प्रमाण ११.६ वरून १२.९ कडे, म्हणजे पातळ मिश्रणाकडे, सरकत होतं. जास्त हवा पोचत होती, पण मूळचे, मिनिटाला ३३० सीसी पेट्रोल देणारे इंजेक्टर तेवढं पेट्रोल देऊ शकत नव्हते. पुल अर्ध्यात सोडला. बूस्टमध्ये मिश्रण पातळ झालं की नॉक होतो, म्हणजे ते अवेळी भडकतं, आणि पिस्टनची कड वितळते. आधीच्या घसरणाऱ्या पुलीमुळे ही वेळ आली नव्हती, एवढंच.

जॉन कूपर वर्क्सचे ३८० सीसीचे इंजेक्टर घातले, नव्या ओ-रिंगांसह. स्पार्क प्लग एक टप्पा थंड, म्हणजे टोकाची उष्णता लवकर बाहेर नेणारे, घेतले. एनजीकेमध्ये सहाऐवजी सातचा अंक, कारण त्यांच्याकडे अंक मोठा तितका प्लग थंड. फट ०.७ मिलीमीटर. इंजेक्टर बदलल्यावर ईसीयूचा, म्हणजे इंजिनच्या संगणकाचा, नकाशा बदलावाच लागतो, नाहीतर आयडलवर गाडी पेट्रोलात बुडते. सीमेन्सचा ईसीयू डायग्नोस्टिक सॉकेटमधूनच लिहिता येतो. पूर्ण भाराला प्रमाण ११.८ च्या आसपास धरलं आणि ९९ ऑक्टेनच्या पेट्रोलवर इग्निशन अर्ध्या-अर्ध्या अंशाने पुढे नेलं. नॉकची पहिली चाहूल लागली तिथून दोन अंश मागे घेतलं.

१९८ हॉर्सपॉवर, २३४ न्यूटन-मीटर. इंजेक्टर ८४ टक्क्यांवर. थंड होऊ न देता लागोपाठ तिसरा पुल घेतला तर मॅनिफोल्डमधल्या हवेचं तापमान ६८ अंशांवर गेलं आणि ११ हॉर्सपॉवर कमी झाले. मालकाला दोन्ही आलेख छापून दिले. त्याला पुढे आणखी काही करायचं असेल तर पैसे पुलीत नाही, मोठ्या इंटरकूलरमध्ये घालावेत. सायलेन्सरला हात लावला नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेली गाडी इथल्या वार्षिक एमओटी तपासणीत नापास होते. केलेले बदल विमा कंपनीला कळवायची यादीही बिलाबरोबर दिली. ती न कळवल्यास अपघातानंतर दावा नाकारला जाऊ शकतो.

पाचशे मैलांनंतर गाडी तपासणीला आली. नव्या डँपरवर ओढलेली पांढरी रेघ सरळ होती, पट्ट्याजवळ भुकटी नव्हती, टेन्शनर प्रवासाच्या मध्यावर होता. उजव्या वरच्या इंजिन माउंटच्या खाली मात्र तेलकट ओघळ दिसला. आतलं द्रव बाहेर येऊ लागलं होतं. या मॉडेलचं ते ठरलेलं दुखणं आहे. नवं माउंट मागवलं आहे.