समासातले शेरे

वाचनालयातून पुस्तक आणलं की मी आधी समास बघतो, मग मजकूर. छापलेलं कुठेही मिळतं, पेन्सिलीनं लिहिलेलं त्या एकाच प्रतीत. दादरला मी ज्या वाचनालयाचा सभासद आहे, तिथे भिंतीवर पाटी आहे : 'पुस्तकात खुणा करू नयेत.' त्या पाटीखालीही कुणीतरी पेन्सिलीनं 'बरोबर' लिहून ठेवलंय.

मागच्या पावसाळ्यात मर्ढेकर आणले. 'पिपांत मेले ओल्या उंदिर' उघडली, तर समासात चार हस्ताक्षरांचं भांडण. सगळ्यात वर, चक्क शाईनं : 'अर्थ काय?' त्याखाली मास्तरी वळणाचं : 'यंत्रयुगातील माणसाची घुसमट', दोनदा अधोरेखित. त्याखाली : 'मग माणूसच म्हणा ना, उंदीर कशाला?' आणि तळाशी, गिचमीड : 'आमच्या चाळीत पिंप आहे, उंदीरही आहेत. यात नवीन काय?' या चौथ्याला चहा पाजायला हवा. मास्तरांना नाही. त्यांनी उंदरांना मूठमाती देऊन वर पाटीसुद्धा लावली.

तसा मर्ढेकरांच्या १९४७च्या 'काही कविता'वर सरकारनंही शेरा मारलाच होता : अश्लील. खटला झाला, मर्ढेकर निर्दोष सुटले. त्या मानानं 'अर्थ काय?' फारच सौम्य.

त्याच खेपेला अरबी गोष्टींचा एक जुना, बाइंडिंग सुटलेला खंडही आणला होता. त्यात अहमद आणि परीबानूची गोष्ट. तीन राजपुत्र, एकाकडे उडता गालिचा, दुसऱ्याकडे कितीही लांबचं दाखवणारी नळी, तिसऱ्याकडे कुठलाही आजार बरा करणारं सफरचंद. नळीतून दिसतं की त्यांची लाडकी राजकन्या मरणाच्या दारात आहे. तिघं गालिच्यावर बसतात, उडत तिच्यापाशी पोचतात आणि सफरचंदाच्या वासानं ती उठून बसते.

इथे समासात 'अर्थ काय' असं एकानंही विचारलेलं नाही. सगळे हिशेबाला बसलेत. 'सफरचंद पुन्हा वापरता येते का? खुलासा हवा.' आणि एक खास आपल्या लोकलच्या लाइनवरचा : 'तिघे बसले म्हणजे चौथा बसतोच. थोडे सरकून घ्यावे.'

गालिचा उडतो, ते चालतं. उंदीर मेले की मात्र स्पष्टीकरण द्या! मला हे बरेच दिवस कळत नव्हतं. मग एकदा परळला गाडीत चढताना लक्षात आलं. वरची कडी हाताला लागली की माणूस कितीही गर्दीत टिकतो, गाडी मग कुठे का जाईना. गोष्टीत ती कडी असते. गालिचा उडतो एवढं एकदा मान्य केलं की पुढचं सगळं नियमानं चालतं. कवितेत आपण सवयीनं हात वर नेतो, तर कडीच्या जागी ओला उंदीर. हात मागे घेणाऱ्याला मी नावं ठेवणार नाही. मीही कॉलेजात घेतला होता.

फ्रेंच कवी आंद्रे ब्रेतोंनं १९२४मध्ये अतिवास्तववादाचा, म्हणजे तर्क सोडून स्वप्नाच्या वाटेनं लिहिण्याचा, जाहीरनामा काढला. पुढे त्याची पॅरिसमधली मंडळी एक खेळ खेळत. एकानं कागदावर शब्द लिहून घडी घालायची, पुढच्यानं तो न बघता आपला शब्द लिहायचा. त्यातून निघालं : 'देखणं प्रेत नवी दारू पिईल.' खेळाला नावही या प्रेताचंच पडलं. आपल्याकडे हा खेळ जमणं कठीण. वरच्यानं काय लिहिलंय ते न बघता, आणि त्याला उत्तर न देता, खाली लिहायचं? मराठी वाचकाला रात्रभर झोप लागणार नाही. पण उंदरांच्या समासातले ते चार शेरे मी एकदा सलग, मोठ्यानं वाचून पाहिले. बायकोनं आतून विचारलं, 'कुणाची कविता?'

अरबी खंडाची शेवटची दोन पानं गायब आहेत. उरलेल्या पानाच्या तळाशी मोठ्या, प्रेमळ अक्षरात लिहिलंय : 'अहमद सुलतान होतो. काळजी नसावी.'

त्याखाली वेगळ्या हातानं : 'बापाचा जीव जातो तेव्हा. तेही लिहा की.'

त्याखाली बोटभर जागा आहे. पुस्तक परवा परत करायचंय आणि मी पेन्सिलीला टोक काढून ठेवलंय.