ठाणे ते सोपारा: टोलेन्टिनोच्या थॉमसच्या मागावर

इटलीतल्या टोलेन्टिनो गावचा थॉमस हा फ्रान्सिस्कन (संत फ्रान्सिसच्या कॅथलिक संघाचा) संन्यासी ९ एप्रिल १३२१ रोजी ठाण्यात मारला गेला. कॅथलिक परंपरेत तो हुतात्मा मानला जातो आणि हाच त्याचा स्मरणदिन असल्यामुळे मी मुद्दाम त्याच तारखेला निघालो. तारखेच्या मोहात मी जी चूक केली ती इतरांनी करू नये. एप्रिलच्या उन्हात नव्हे, ही वाट डिसेंबर-जानेवारीत चालण्याची आहे.

थॉमसचा जन्म १२५५ च्या सुमाराचा. संन्याशांनी संपूर्ण दारिद्र्यातच राहावे या आग्रहापायी त्याच्याच संघाने त्याला कैदेत टाकले होते. १२८९ मध्ये सुटका झाल्यावर तो आर्मेनियाच्या राजाकडे गेला, त्या राजाचा दूत होऊन युरोपात परतला आणि १३०७ मध्ये चीनमधल्या मिशनची बातमी त्याने पोप पाचव्या क्लेमेंटपर्यंत पोहोचवली. साठी उलटल्यावर तो स्वतःच चीनला जाण्यासाठी निघाला. इराणच्या आखातातल्या होर्मुझहून केरळातल्या कोल्लमला जायचे, असा त्याचा बेत होता; पण जहाज ठाण्याला लागले.

ठाणे स्थानकाच्या पूर्वेला उतरून चेंदणी कोळीवाड्यातून खाडीकडे गेल्यास बंदराच्या ठाण्याची थोडीफार कल्पना येते. मासुंदा तलावाकाठचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च अवश्य पाहावे, मात्र ते मूळ पोर्तुगीज काळातले, म्हणजे या घटनेनंतर दोनशेहून अधिक वर्षांनी उभे राहिलेले आहे, हे ध्यानात असू द्यावे. थॉमस आला तेव्हा इथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल होता, आणि गावात नेस्टोरियन (पूर्वेकडच्या एका जुन्या पंथाच्या) ख्रिस्त्यांची पंधरा घरे होती. त्यांपैकी एका घरी थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस हे चौघे उतरले होते. त्या घरातल्या नवराबायकोचे भांडण काझीपुढे गेले, साक्षीसाठी या पाहुण्यांची नावे निघाली, आणि पीटरला सामानापाशी ठेवून बाकीचे तिघे गेले. साक्ष बाजूलाच राहिली आणि धर्माचा वाद सुरू झाला. काझीने पैगंबरांविषयी मत विचारले, तेव्हा थॉमसने सौम्य उत्तराची वाट धरली नाही.

त्यानंतर त्यांना तासन्‌तास उन्हात बांधून ठेवले. इथल्या उन्हात एका मिसाइतका (चर्चमधल्या एका उपासनेइतका) वेळ उभा राहिलेला माणूस मरेल, असे पोर्देनोनेच्या ओदोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाने पुढे लिहिले. अतिशयोक्ती म्हणून मी ते वाक्य सोडून दिले होते. सकाळी दहाला खाडीकाठी पंधरा मिनिटे काढल्यावर मात्र मी निमूटपणे सावलीत गेलो. उन्हानंतर आगीची पाळी आली, आणि तिच्यातून जेम्स सुखरूप बाहेर आला, अशी कथा आहे. मग तिघांना खाडीपार पाठवून रात्री मारण्यात आले, आणि दोन दिवसांनी पीटरलाही. हा सारा वृत्तांत त्यांच्याच संघबंधूंनी लिहिलेला आहे, तेव्हा त्यातला काझी वाचताना तेवढी सावधगिरी बाळगावी.

चौघांबरोबर आलेला जॉर्डानस हा डोमिनिकन (दुसऱ्या एका कॅथलिक संघाचा) संन्यासी तेव्हा ठाण्याबाहेर होता. त्याने परत येऊन प्रेते सोपाऱ्याला नेली आणि तिथे पुरली. आपण लोकलने दादरला जाऊन विरार गाडी पकडावी. सकाळी ही गाडी गर्दीच्या उलट दिशेने जाते, त्यामुळे बसायला जागा मिळते. रविवार मात्र टाळावा, कारण मेगाब्लॉकमध्ये ठाणे-दादर एवढ्याच प्रवासात दमायला होते. नालासोपारा पश्चिमेहून रिक्षा मिळते. ‘सोपारा गाव, स्तूप’ असे स्पष्ट सांगावे. पाणी आणि टोपी जवळ असावी.

दफनाची खूण शोधत फिरू नये. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये उत्खनन केलेला बौद्ध स्तूप आणि चक्रेश्वर तलाव यांच्या परिसरात तासभर घालवला, म्हणजे जॉर्डानसने हेच गाव का निवडले असेल हे उमगते: बंदर म्हणून ते फार जुने होते आणि परक्यांची त्याला सवय होती. शिवाय अस्थी इथे राहिल्याच नाहीत. ओदोरिकने त्या उकरून जहाजाने चीनमधल्या झैतून बंदरातल्या फ्रान्सिस्कन मठापर्यंत नेल्या, त्यामुळे जिवंतपणी हुकलेला थॉमसचा प्रवास मरणानंतर पुरा झाला. त्याची कवटी मात्र टोलेन्टिनोच्या कॅथेड्रलमध्ये आहे. १८९४ मध्ये पोप तेराव्या लिओने त्याच्या पूजनाला मान्यता दिली.

परतताना संध्याकाळी सहाच्या आत नालासोपारा सोडावे.